बोला की तिच्याशी

“बाई, जिभंची तार तेवढी कापून द्या. म्हंजी पोरगं बोलाय लागंल.”

विट्यात दवाखाना उघडला त्या आठवड्यात एक गृहस्थ हे वाक्य घेऊन आले होते. परवा मी दवाखान्याच्या किल्ल्या भाचीच्या हातात दिल्या, त्या आठवड्यातही दुसरे एक गृहस्थ तेच म्हणत खुर्चीत बसले. मधली सगळी वर्षं मी तार कापत नाही हे सांगण्यात गेली. जिभेखाली एक पातळ पडदा असतो. तो फार आखूड असला तर एखाददुसरा उच्चार अडखळतो, पण त्यामुळं मूल मुकं राहत नाही. हे मी पहिल्या गृहस्थांना समजावून सांगितलं, तेव्हा ते उठून गेले आणि जाताना जिन्यावर म्हणाले, “हिला कापाय येत न्हाई.”

तार नाही तर वेखंड. मधात उगाळून जिभेला लावतात. नाहीतर पोपटानं उष्टावलेला पेरू. पोपटाबद्दल माझं काही वाईट मत नाही. पण पोपटालाही कुणीतरी रोज पिंजऱ्यासमोर उभं राहून बोलायला शिकवावं लागतं, एवढं मात्र लोक विसरतात.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ. पाटीवर हा शब्द नीट रंगवून घेतला होता, पण तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. एस.टी. स्टँडवरचे रिक्षावाले ‘बोबड्यांची डॉक्टरीन’ म्हणून माणसं आणून सोडायचे. मूल बोलत नाही, अडखळतं, शब्द अर्धे खातं, अशी पोरं माझ्याकडं यायची. पक्षाघातानं वाचा गेलेली म्हातारी माणसंही यायची, पण ती गोष्ट वेगळी. आज मुलांबद्दलच लिहायचं आहे. आणि मुलांबद्दल लिहायचं म्हणजे आईबापांबद्दल लिहायचं.

आमच्या कामात पहिल्यांदा कान बघायचे, तोंड नंतर. ज्याला ऐकूच येत नाही तो बोलणार काय? कवठे महांकाळकडचा एक मुलगा माझ्याकडं आला तो शाळेत घालायच्या वयाला. वडील फौजेत, आई शेतात, आजी घरात. आजी ठामपणे सांगत होती, “त्येचा बापबी उशिराच बोलला.” आमच्याकडं हे वाक्य म्हणजे सुप्रीम कोर्टाचा निकाल असतो. बाप उशिरा बोलला, काका उशिरा बोलला, सगळे नीट झाले, मग थांबायला काय हरकत आहे? मी कान तपासले. दोन्ही कानांनी त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. यंत्र लावलं, खूप शिकवलं. मुलगा हुशार, आज आपल्या पायावर उभा आहे. पण भाषेसाठी निसर्गानं जी पहिली वर्षं उघडी ठेवलेली असतात, ती त्याची निघून गेली होती. ती परत आणता येत नाहीत. म्हणून ‘थांबा, बोलंल’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक आजीशी, प्रत्येक शेजारणीशी आणि काही डॉक्टरांशीही मी भांडत आले. तपासून मग थांबा. तपासायच्या आधी थांबू नका.

आणि दुसरं भांडण. मूल बोलत नाही म्हटलं की सगळं घर आईकडं बघतं. गरोदरपणी काय खाल्लंस, कुणाच्या दारात गेलीस, ग्रहणात सुरी हातात धरली होतीस का? काही मुलांची घडणच निराळी असते. ती आईनं काही केल्यानं झालेली नसते आणि तिनं काही टाळल्यानं टळलीही नसती. हे मी नवऱ्यांना, सासऱ्यांना तोंडावर सांगत आले. बऱ्याच जणांना ते आवडलं नाही. पण त्यांना आवडावं म्हणून मी शिकले नव्हते.

आता शिवन्याची गोष्ट सांगते. तिच्यात माझं तिसरं भांडण आहे, आणि ते सगळ्यात मोठं.

आमच्या विटा भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कुठल्याही लांबच्या शहरात सराफपेठेत जा, एखाद्या बोळात आमच्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडेल. यात्रेला मात्र ही माणसं बायकापोरांसह गावी येतात, आणि तेव्हा माझ्या दवाखान्यात गर्दी व्हायची. वर्षभर मनात ठेवलेली काळजी त्या चार दिवसांत बाहेर पडायची.

असाच एका उन्हाळ्यात संदीप आला. तमिळनाडूत सेलमला त्याचं गलाईचं दुकान. बरोबर बायको अश्विनी, वडील, पुण्याची थोरली बहीण वैशाली आणि चार वर्षांची व्हायला आलेली शिवन्या. वडिलांना सगळे तात्या म्हणत. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. वैशाली पुण्यात संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पोरीचं काहीतरी चुकतंय, हे सगळ्यात आधी तिच्याच लक्षात आलं होतं आणि तिनंच हट्टानं सगळ्यांना माझ्याकडं आणलं होतं. हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं.

संदीपनं पोरीला माझ्यासमोर उभं केलं आणि भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट दाखवलं. “शिवन्या, व्हॉट कलर?”

“यलो,” शिवन्या म्हणाली.

“धिस?”

“पर्पल.”

तिनं सगळे रंग सांगितले, प्राणी सांगितले, एक इंग्रजी गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. उच्चार स्वच्छ. संदीप माझ्याकडं बघत म्हणाला, “बघा म्याडम, येतंय तिला सगळं. फक्त बोलत न्हाई.”

त्याच्या नकळत तो अगदी बरोबर बोलला होता.

थोड्या वेळानं शिवन्याला तहान लागली. ती आईकडं गेली, तिचं मनगट धरलं आणि ओढून पिशवीवर ठेवलं. अश्विनीनं पिशवीतली बाटली काढली, टोपण उघडलं, तिला पाजलं, टोपण लावलं. मुलीच्या तोंडातून शब्द आला नाही. आईच्याही आला नाही. माझं लक्ष पोरीवरून उठलं आणि आईवर जाऊन बसलं.

मी शिवन्याचे कान तपासले. उत्तम होते. एक चेंडू रुमालाखाली लपवला, तेव्हा तिनं आधी रुमालाकडं आणि मग माझ्या डोळ्यांकडं पाहिलं आणि हसली. चेंडू सापडल्यावर तो आईला नेऊन दाखवला. मला जे पाहायचं होतं ते दिसलं. माणसांत रमणारी, खोडकर, शाबूत पोर होती ती.

“घरात कोण काय बोलतं?” मी विचारलं.

उत्तर वैशालीनं दिलं. सेलमच्या बालवाडीत सांगितलं होतं, घरात फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मुलीचा गोंधळ होईल. तिलाही ते पटलं होतं. संदीपनं तसा नियम केला. तो स्वतः पहाटे दुकानात जायचा आणि पोर झोपल्यावर यायचा. त्यामुळं नियम पाळायचा होता तो अश्विनीला.

“आणि तू काय बोलतेस तिच्याशी?” मी अश्विनीला विचारलं.

ती पहिल्यांदाच बोलली, तेही जमिनीकडं बघत. “मला इंग्लिश येत न्हाई. चुकीचं बोलले तर पोरीचं बिघडंल. मराठी बोलायचं न्हाई म्हणले. मग मी गपच बसत गेले.”

“दिवसभर?”

“मोबाईल लावून देती. त्यातली बाई चांगलं बोलती.”

इतक्या वर्षांत मी नाना तऱ्हेची दुखणी पाहिली, पण धडधाकट आईच्या तोंडाला घरच्यांनी कुलूप घातलेलं असं समोर बसलेलं पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मोबाईलमधली बाई खरंच चांगलं बोलते. फक्त ती पोरीकडं बघत नाही. पोरीनं हात वर केला तर ‘काय गं, उचलून घेऊ?’ म्हणत नाही. मूल रडलं, हसलं, पडलं, तिला त्याचं काहीच नसतं. आणि मूल भाषा शिकतं ते अशा देवघेवीत. मी काहीतरी केलं, समोरच्यानं त्यावर काहीतरी म्हटलं, मग मी पुन्हा काहीतरी केलं. या झोपाळ्यावर भाषा बसलेली असते. शिवन्याला शब्द पाठ होते, पण शब्दांनी कुणाकडून काही मागता येतं, कुणाला काही सांगता येतं, हे तिला माहीतच नव्हतं.

संदीप घसा खाकरून म्हणाला, “म्याडम, आमी ठरवलंय. शिवन्याला ताईकडं पुण्याला ठेवायची. तितं घरात सगळे इंग्लिश बोलत्यात, शाळाबी चांगली हाय. फक्त हिची समजूत घालाय पायजे. घरच्यांचं ऐकत न्हाई. डॉक्टरनं सांगितलं तर ऐकंल. तेवढ्यासाठीच आलोय.”

अश्विनीनं मान वर केली नाही. तिनं फक्त पोरीला ओढून आपल्या दोन गुडघ्यांच्या मध्ये घेतलं.

“मी नाही सांगणार,” मी म्हणाले.

“म्हंजी?”

“म्हणजे हेच. मुलीला औषध लागणार आहे ते तिची आई. तुम्ही औषध काढून घ्यायला निघालात आणि मी त्याला होकार द्यावा म्हणता. मी देणार नाही.”

वैशाली शांतपणे म्हणाली, “मॅडम, वहिनीला कमी लेखायचं नाही मला. पण ती काय भाषा शिकवणार? ‘हाय, न्हाई, हितं, तितं’? उद्या मुलगी शाळेत गेली की हसतील तिला. मला हसले होते. मी भोगलंय ते.”

तिला हसले होते हे खरं असणार. मलाही हसले होते. मी वडूजच्या मणेर घरातली. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. घरात आम्ही दखनी बोलायचो, दुकानात अब्बा बायकांशी माणदेशी मराठीत बोलायचे, आणि शाळेत गुरुजी पुस्तकातली मराठी बोलायचे. तीन भाषा म्हणून कुणी मला तीन कप्पे करून दिले नाहीत. अम्मा चुलीपुढून माझ्याशी अखंड बोलायची, भांडायची, गोष्टी सांगायची. ती एक भाषा माझ्यात घट्ट बसली आणि बाकीच्या तिच्या खांद्यावर चढून आल्या. गुरुजी एकदा म्हणाले, घरी असलं बोलत जाऊ नका, मराठी बिघडेल. अम्माला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुझ्या गुरुजींना सांग, मुलीला जेवायलापण मीच वाढते.

वैशालीला मी एवढंच म्हणाले, “तुम्हाला हसले, पण तुम्ही गप्प झाला नाहीत. कारण हसणारे भेटायच्या आधी तुम्हाला बोलता येत होतं. हिला ते तरी मिळू द्या.”

मग मी संदीपकडं वळले. “तुम्हाला तमिळ येतं का?”

“येतंय की. दुकान तमिळवरच चालतंय.”

“कसं शिकलात?”

“कसं म्हंजी? भट्टीवर. मालक काम सांगायचा, चुकलं की शिव्या द्यायचा. हळूहळू कळाय लागलं.”

“मग मराठी बिघडली का तुमची?”

 तो एकदम म्हणाला, “तुमाला न्हाई कळायचं, म्याडम. बँकेत इंग्लिशमधी विचारलं की मी असा उभा ऱ्हातो, मान खाली घालून. माझ्यापरास ल्हान पोरं हसत्यात. माझ्या पोरीला कुणाफुडं मान खाली घालाय लागू नये, एवढंच हाय माझं.”

त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. पण म्हणून मी मागेही हटले नाही. “इंग्रजी तिला शिकवाच,” मी म्हणाले. “शाळा शिकवेल, मैत्रिणी शिकवतील. पण ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि माया करता, ती भाषा आधी द्या. ती नसेल तर इंग्रजी ठेवायची कशावर?”

 शेवटी तात्यांनी तोंड उघडलं. ते इतका वेळ काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. “दसऱ्यापतूर सून आन नात गावाकडं ऱ्हातील. बाई सांगतील तसं करायचं. पोरगी न्हाई बोलली, तर पुण्याला. बोलली तर पुन्हा बसू. बास.”

सुभेदारसाहेबांनी हुकूम दिला होता. पण त्या हुकमात माझीही मान अडकली होती. मूल अमुक दिवसांत बोलेल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. मीही दिली नव्हती. आता मात्र अश्विनीची पोर माझ्या शब्दावर टांगली गेली होती.

पहिल्या भेटीला मी अश्विनीपुढं भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. म्हटलं, “फोड आणि तिच्याशी बोल.”

“काय बोलू?”

“जे करतेस ते.”

ती शेंगा फोडत राहिली. तोंड उघडायची, मिटायची. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझं बोलणं सासरीबी चालत न्हाई. माझ्या माहेरला कानडीची फोडणी असती. इथं समदे हसत्यात. सेलमला तमिळ येत न्हाई, घरात मराठी चालत न्हाई. मला आता माझाच आवाज कसनुसा वाटतोय, म्याडम.”

“माहेरी असतीस तर ही शेंग फोडताना भाचीला काय म्हणाली असतीस?”

तिनं जरा विचार केला. मग एक शेंग उचलून पोरीच्या कानाशी हलवली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, “वाजतीया बघ. आत दोघं बसल्यात. भाईर काढू त्यास्नी?”

शिवन्यानं शेंगेकडं पाहिलं, मग आईच्या तोंडाकडं. आईच्या तोंडातून असलं काही निघतं हे तिला नवीनच होतं. तिनं शेंग घेतली आणि आपल्या कानाशी हलवली.

मी अश्विनीला फार थोडं शिकवलं. पोर ज्याकडं बघते त्याबद्दल बोल. बोलून झालं की थांब, तिला जागा दे, तिनं नुसतं हुं केलं तरी ते उत्तर धर. तिची परीक्षा घेऊ नको. ‘पाणी म्हण, मग देते’ हा प्रकार तर अजिबात नको. लोक बिस्किट वर धरून पोरांकडून शब्द काढतात तसा. तहानलेल्याला पाणी द्यावं आणि देताना म्हणावं, ‘घे, पाणी घे, लय तहान लागली व्हय?’ एवढंच. मोबाईल कपाटात. बाकीची सगळी शाळा तिच्या घरात, गोठ्यात आणि नळावर होती.

आषाढ गेला. शिवन्या आईच्या मागं मागं फिरायला लागली, हसायला लागली, बोट करून दाखवायला लागली. पण शब्द नाही. संदीप संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. “बोलली का?” नाही म्हटलं की पोरीला रंग विचारायचा. तीही ती इंग्रजी नावं विसरायला लागली होती. “हुतं तेबी गेलं,” तो म्हणायचा आणि फोन ठेवायचा. वैशालीनं पुण्यात शाळेत जागा धरून ठेवली होती.

श्रावणात अश्विनी एकटीच माझ्याकडं आली. “म्याडम, देऊन टाकू का हिला? माझ्यापायी तिचं नुकसान नको व्हायला.”

मलाही रात्रंदिवस तोच घोर होता. पण मी तिला म्हणाले, “पोरगी तुझ्याकडं बघायला लागली आहे. बघणं आलं की बोलणं येतं. कधी येईल ते मला माहीत नाही. पण मी असेपर्यंत तू गप्प बसायचं नाहीस.”

पुढं गणपतीच्या आसपास सकाळी सकाळी तात्यांचा फोन आला. त्यांचा आवाज फौजी माणसाला न शोभण्यासारखा झाला होता. “बाई, बोलली. नळावर घागर कलंडली. पोरगी म्हणली, ‘सांडलं.’ दोनदा म्हणली.”

मी हातातला चहा खाली ठेवला. ‘सांडलं.’ तक्त्यावरचं नाव नव्हतं हे. कुणी विचारलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. तिच्यासमोर काहीतरी घडलं आणि ते दुसऱ्या माणसाला सांगावंसं तिला वाटलं. मला विचाराल तर माणूस बोलायला लागला असं मी तेव्हा म्हणते.

त्यानंतर बांध फुटला. ‘पडलं’, ‘आन की’, ‘माजं हाय’, ‘जा तिकडं’. मग जोडवाक्यं. एकदा ती मला चित्र दाखवून म्हणाली, “मी करलं.” तात्या शेजारीच बसले होते. ते लगेच म्हणाले, “करलं न्हाई, केलं म्हण.”

“तात्या, थांबा,” मी म्हणाले. “घरात कुणी ‘करलं’ म्हणतं का?”

“न्हाई.”

“मग ती कुठून शिकली?”

 मी त्यांना सांगितलं, ती कुणाचं ऐकून म्हणत नाही. पडलं, सांडलं, धरलं ऐकून तिनं स्वतःच्या डोक्यात नियम बांधला आहे आणि त्या नियमानं करलं झालं. ही चूक म्हणजे तिच्या डोक्यात यंत्र सुरू झाल्याचा आवाज आहे. नुसतं ‘व्हय, केलंस की झकास’ म्हणा, बाकी ती ऐकून घेईल. तात्या त्या दिवसापासून जो भेटेल त्याला ‘नात करलं म्हणती’ असं कौतुकानं सांगत सुटले.

दसऱ्याला संदीप आला, वैशालीही आली. दुसऱ्या दिवशी सगळे माझ्याकडं. ठरल्याप्रमाणं पुन्हा बैठक. संदीपनं पहिल्या दिवसासारखंच तक्त्याकडं बोट केलं. “शिवन्या, व्हॉट कलर?”

तिनं तक्त्याकडं पाहिलं, मग बापाकडं. “तांबडा हाय की,” ती म्हणाली. “तुला दिसत न्हाई व्हय?”

तात्या हसले. संदीप हसला नाही. “बघा,” तो मला म्हणाला, “शेवटी गावंढळच केली माझी पोर.”

वैशालीच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळलेलं मी पाहिलं. पोर बोलत होती हे तिला कळत होतं. तरी ती उठली, शिवन्यापुढं वाकली आणि हात पुढं करून गोड आवाजात म्हणाली, “शिवू, आत्याकडं यायचं ना? पुण्याला? मोठी शाळा, खूप खेळणी?”

शिवन्यानं आत्याच्या हाताकडं पाहिलं. दोन पावलं मागं सरली आणि आईच्या साडीला धरून म्हणाली, “मी न्हाई यायची. आई हितं हाय.”

संदीप काही बोलणार तेवढ्यात अश्विनी बोलली. तिचा हात पोरीच्या डोक्यावर होता आणि ती जमिनीकडं बघत नव्हती. “ती न्हाई म्हणलीया. आन मीबी न्हाई म्हणतीया. इंग्लिश शिकू दे तिला, मी कुठं आडवतीया? पर पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल. आन आता मी घरात गप बसायची न्हाई.”

त्या खोलीत मी कितीतरी मुलांचे पहिले शब्द ऐकले असतील. एका आईचे मात्र मी त्या दिवशीच ऐकले.

संदीप उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. तात्या त्याच्यामागं गेले नाहीत. बऱ्याच वेळानं तो आत आला, पोरीला उचललं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “चला घरी.” वैशाली मागं थांबली. दारात मला म्हणाली, “मॅडम, मला माझ्या मुलाचंही विचारायचं होतं. तो आजीशी, माझ्या आईशी, फोनवर बोलतच नाही. त्याला तिचं कळतच नाही.” मी म्हटलं, “मग तुम्ही बोला त्याच्याशी. तुम्हाला येते की अजून ती भाषा.” तिनं मान हलवली, पण ते हो होतं की नाही ते मला कळलं नाही.

दिवाळीनंतर ते तिघे सेलमला गेले. तिघे एकत्र. संदीपनं माझ्यावरचा राग सोडला नाही. ‘ती डॉक्टरीन पोरं गावंढळ करती’ असं त्यानं गलाईवाल्यांत सांगितलं, आणि पुढची एक-दोन वर्षं यात्रेच्या दिवसांत माझ्याकडची गर्दी ओसरली. मला वाईट वाटलं ते त्या न आलेल्या पोरांसाठी. माझं म्हणणं मी बदललं नाही. इंग्रजी शाळांच्या पालकसभेत बोलावलं तर तिथंही तेच सांगितलं. एका शाळेनं मग बोलावणं बंद केलं.

आजही लोक विचारतात, “मग इंग्रजीला विरोध आहे का तुमचा?” मुळीच नाही. पोरानं सात भाषा शिकाव्यात. पोराचं डोकं म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की मराठी भरली तर इंग्रजीला जागा उरणार नाही. माझा विरोध आईबापांना मुकं करण्याला आहे. तुमची बोली शुद्ध आहे की नाही, हे ठरवायला मूल बसलेलं नाही. त्याला फक्त कुणीतरी बोलणारं हवं आहे.

मागच्या वर्षी संदीपचा फोन आला. मी आवाज ओळखला नाही.

“म्याडम, सेलमहून संदीप. माझ्या भागीदाराचा पोरगा बोलत न्हाई. आईबाप दोघं सारखं मोबाईलवर. तुमी त्येंना जरा फोनवर झापा. मला झापलं हुतं तसं.”

“आधी कान तपासायला सांगा,” मी म्हणाले. “मग झापते. शिवन्या कशी आहे?”

“हाय की. खालच्या मजल्यावरच्या पोरींत तमिळ, शाळेत इंग्लिश, घरात आईवाणी. शाळेतबी कवा कवा तोंडातनं ‘न्हाई’ निघतं, टीचर तक्रार करती. मला अजून पटलं न्हाई बघा तुमचं ते.”

त्याच्या मागून अश्विनीचा आवाज येत होता. कशावरून तरी ती मुलीला रागवत होती आणि मुलगी प्रत्येक वाक्याला उत्तर देत होती. दोघींचंही शेवटपर्यंत ऐकू आलं नाही, कारण दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

“ऐकताय न्हवं?” संदीप म्हणाला. “दिवसभर ह्येच. कान किटल्यात माझं.”

“किटू देत,” मी म्हणाले.